प्रशिक्षणाहून आलेल्या शिक्षकासाठी मुख्याध्यापकाने शाळेत नेमकं काय करावं?

पऱ्हाटीकाठची_शाळा (मूळ प्रश्न)

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. १ ली ते ५ वी, पट ९४, शिक्षक चार. पट १५० च्या आत असल्याने मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पद नाही. आमच्यातले ज्येष्ठ गुरुजी प्रभार घ्यायला तयार झाले नाहीत, म्हणून गेल्या वर्षी तो माझ्याकडे आला. ४ थी आणि ५ वीचे वर्ग एकत्र बसतात, ते मीच घेते. म्हणजे मी आधी वर्गशिक्षिका आहे आणि उरलेल्या वेळात मुख्याध्यापिका.

माझी नोकरी १९ वर्षांची झाली. या काळात प्रशिक्षणं किती केली ते मला सांगताही येणार नाही. भाषेचं, गणिताचं, इंग्रजीचं, मूल्यमापनाचं, वरिष्ठ वेतनश्रेणीचं, आणि मोबाइलवरची तर वेगळीच. त्यातली काही खरोखर चांगली होती. पण परत आल्यावर पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी कधी काय विचारलं असेल तर एवढंच, "कार्यमुक्तीचा कागद आणला का?" तिथे काय शिकलात, आता वर्गात काय करून पाहणार, हे कोणी विचारलं नाही. आता त्या खुर्चीवर मी आहे, आणि मीही तेच करते आहे हे मला जुलैच्या सुरुवातीला कळलं.

झालं असं. ३ रीच्या मॅडम तरुण आहेत, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून लागलेल्या, मनापासून शिकवणाऱ्या. उन्हाळ्याआधी त्या गणिताचं पाच दिवसांचं प्रशिक्षण करून आल्या होत्या. शाळा सुरू झाल्यावर आठवड्याभराने मी त्यांच्या वर्गात पाठ निरीक्षणाला गेले. पाठ पाहून शेरे लिहायची वही, म्हणजे लॉगबुक हातात, मागच्या बाकावर बसले. मॅडमनी साहित्य मांडलं, मुलांनी एका सुरात उत्तरं दिली, सगळं छान दिसलं. मी लिहिलं, "अध्यापन समाधानकारक. शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा." सही केली, मॅडमनीही केली.

घरी आल्यावर लक्षात आलं की हेच वाक्य माझ्या लॉगबुकात वेगवेगळ्या अक्षरांत १९ वर्षं लिहिलं गेलं आहे. त्या वाक्याने मला एकदाही काही शिकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गाच्या वह्या सहज उघडल्या. वजाबाकी होती, ५२ उणे २७. २३ मुलांपैकी ११ जणांचं उत्तर ३५. एकाचं दुसऱ्याने पाहून लिहावं इतकं सारखं, पण ती मुलं वेगवेगळ्या ओळींत बसणारी. मॅडमना विचारलं तर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मी तर प्रशिक्षणात सांगितलं तसंच शिकवलं." त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मी चूक काढायला आले असं त्यांना वाटलं, आणि माझ्या वागण्यावरून दुसरं काही वाटायला जागाही नव्हती.

माझा प्रश्न एवढाच आहे. प्रशिक्षण कोणतं येणार, कधी येणार, कोण घेणार हे माझ्या हातात नाही. पण आलेल्या शिक्षकाने शिकत राहावं, एकमेकांकडून शिकावं, यासाठी माझ्यासारख्या प्रभारीने शाळेच्या चार भिंतींत काय करावं? मोठ्या योजना नकोत. चार शिक्षकांच्या, एकही शिपाई नसलेल्या शाळेत जमेल असं सांगा. ज्यांनी केलं आहे त्यांनीच सांगा, ही विनंती.

---

देऊळगाव_अपडाउन

मॅडम, मी बुलढाणा जिल्ह्यातला शिक्षक आहे, मुख्याध्यापक नाही. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. शिक्षकाला शिकायला आधी वेळ लागतो आणि तोच त्याच्याजवळ नाही. मतदार यादीचं म्हणजे बीएलओचं काम आहे, आधारची दुरुस्ती आहे, पोर्टलवर माहिती भरणं आहे, पोषण आहाराच्या नोंदी आहेत. शिवाय "आजच, तात्काळ, निरंक असल्यास निरंक" हा मेसेज नेमका दुसऱ्या तासाला येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच कामं सोडून शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावू नये असं लिहिलं आहे. वाचायला बरं वाटतं.

आमच्या आधीच्या मुख्याध्यापकांनी एकच गोष्ट केली होती. शाळा भरल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत शिक्षकाच्या हातात मोबाइल नाही. वरून कोणतीही माहिती मागितली तरी ती ते स्वतः दुपारनंतर गोळा करत आणि स्वतः पाठवत. उशीर झाला तर बोलणी तेच खात. मला त्या तीन वर्षांत शिकवता आलं, आणि शिकवता आलं म्हणून विचार करता आला. तुम्ही दुसरं काही नाही केलं आणि एवढं जरी केलं तरी शिक्षक तुमचे होतील.

---

खारपाणपट्टा

ताई, मी अमरावती जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यात ११ वर्षं मुख्याध्यापक होतो, २०१९ ला निवृत्त झालो. तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, कारण ते वाक्य मीही शेकडो वेळा लिहिलं आहे. "साहित्याचा वापर वाढवावा." कोणतं साहित्य, कशासाठी, कोणत्या मुलासाठी, काहीच नाही.

सविस्तर लिहितो, थोडं सहन करा.

२०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं या विचाराची लाट आली. राज्यभरातले शिक्षक सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, पाहायला जात होते, तसे आम्हीही गेलो. दर्यापूरहून साताऱ्यापर्यंतचा प्रवास, आम्ही स्वतःच्या खर्चाने केला. तिथे मुलं जमिनीवर गटागटात बसून शिकताना पाहिली आणि डोळे भरून आले. परत आलो आणि काय केलं? फरशी रंगवून घेतली. संख्यारेषा, अक्षरचक्र, शंभरपर्यंतचा चौकोन. शाळा सुंदर दिसायला लागली, लोक पाहायला आले. दोन पावसाळ्यांत रंग गेला आणि आमचं शिकवणं होतं तिथेच होतं. दिसला तो रंग आम्ही आणला. त्या रंगामागे तिथल्या शिक्षकांनी आपसात किती डोकं लावलं असेल ते विचारायचं राहून गेलं. हा दोष शिक्षकांचा नव्हता, मुख्याध्यापक म्हणून माझा होता. मी त्यांना बसून बोलायला जागाच ठेवली नव्हती.

त्यानंतर जे सुरू केलं ते साधं आहे. शनिवारी सकाळपाळी सुटली की ४० मिनिटं बसायचं. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या तीन वह्या आणायच्या. एक बरोबर सोडवलेली, एक चुकलेली आणि एक अशी की जिच्यात मुलाने काय केलं तेच आपल्याला कळत नाही. ही तिसरी वही सगळ्यात महत्त्वाची. वह्या मध्ये ठेवायच्या. ज्याच्या वर्गाची वही, तो शेवटी बोलणार. बाकीच्यांनी आधी एवढंच सांगायचं की या मुलाने काय विचार केला असेल. शिक्षकाने काय करायला हवं होतं हे कोणीच बोलायचं नाही. बोललं की ती बैठक तपासणी होते आणि पुढच्या शनिवारी फक्त चांगल्या वह्या येतात.

ताई, पहिल्या चार शनिवारी वही माझ्याच वर्गाची ठेवली होती. ७ वीचं गणित माझ्याकडे होतं. एका पोराने ४० मीटर लांब, ३० मीटर रुंद वावराचं क्षेत्रफळ १४० लिहिलं होतं. मी लाल रेघ मारून मोकळा झालो होतो. बैठकीत आमच्या मराठीच्या मॅडमनी विचारलं, "सर, तुम्ही कुंपणाच्या ताराचं उदाहरण याच आकृतीवर दिलं होतं का?" दिलं होतं. परिमिती आणि क्षेत्रफळ दोन्ही एकाच आठवड्यात, एकाच चौकोनावर, तेच आकडे घेऊन. पोराने वावर पाहिलं आणि कुंपण मोजलं. गणित न शिकवणाऱ्या बाईंना जे दिसलं ते मला २२ वर्षांच्या नोकरीनंतर दिसलं नव्हतं. मुख्याध्यापकाची वही उघडी पडली, त्याने ती मान्य केली, आणि आभाळ कोसळलं नाही हे सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर हळूहळू बाकीच्यांच्या पिशव्या उघडल्या. एका गुरुजींनी तर दिवाळीपर्यंत फक्त चांगल्याच वह्या आणल्या. मी काही बोललो नाही. दिवाळीनंतर त्यांनी आपणहून तिसरी वही काढली.

आता तुमच्या ५२ उणे २७ बद्दल. उत्तर मलाही अंदाजाने कळतं आहे, पण लिहीत नाही. तुम्ही आणि तुमच्या मॅडम, दोघीजणी त्या ११ पैकी दोन मुलांना जवळ बसवा आणि विचारा, "कसं केलंस?" चुकलं म्हणू नका, बरोबर म्हणू नका. पोरगं काय बोलतं ते जसंच्या तसं लिहून घ्या, त्याच्याच बोलीत. प्रशिक्षणात पाच दिवसांत मिळत नाही ते त्या दोन वाक्यांत मिळतं.

आणि वर्गात जायचंच असेल तर लॉगबुक कार्यालयात ठेवून जा. लॉगबुक तपासणीचं आहे, ते वर्षातून जेवढ्या वेळा भरायचं तेवढ्या वेळा भरा. शिकण्याची वही वेगळी ठेवा.

शिक्षकाने दुसऱ्याचा वर्ग पाहायचा तर त्याचा वर्ग कोण सांभाळणार, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. तुम्ही सांभाळायचा.

---

पऱ्हाटीकाठची_शाळा

गुरुजी, मनापासून आभार. पुढचा प्रश्न अगदी तोच होता. पण माझ्याकडे आधीच दोन वर्ग आहेत. ३ रीही घेतली तर ६१ मुलं होतात. कशी सांभाळू?

---

खारपाणपट्टा

व्हरांड्यात बसवा. ४ थी-५ वीची पोरं ३ रीच्या पोरांना वाचून दाखवतील, मग ३ रीची त्यांना दाखवतील. दोघा मोठ्यांत एक लहान. ३५ मिनिटं आठवड्यातून एकदा. मोठ्यांच्या वाचनाला याचा जो फायदा होतो तो मी पाहिला आहे. विशेषतः जी ५ वीत असून अडखळतात, त्यांना लहान पोरासमोर वाचायला लाज वाटत नाही. पुस्तकं शाळेच्या पेटीतली काढा, कपाटातून बाहेर. पहिल्या दिवशी गोंगाट होईल, होऊ द्या. तेवढ्या वेळात ३ रीच्या मॅडम १ लीत जाऊन बसतील. २ रीत नको, १ लीत. का ते त्यांना तिथे कळेल.

---

धानाच्या_बांधीवर

मी गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याकडच्या शाळेत शिकवते. शिक्षकाच्या बाजूने लिहिते.

माझ्या पहिल्या शाळेत मी १ लीला गेले तेव्हा वर्गातल्या बहुतेक मुलांची घरची भाषा गोंडी होती. मी "पाणी" म्हणायची आणि मुलं माझ्याकडे पाहत राहायची. त्यांच्यासाठी ते "येर" होतं. बोलीभाषेवरचं प्रशिक्षण मला तीन वर्षांनी मिळालं. तोपर्यंत मला ज्यांनी शिकवलं ते आमचे मुख्याध्यापक आणि आमच्याकडे पोषण आहार शिजवणाऱ्या ताई.

सरांनी काय केलं ते सांगते. ते पहिल्यांदा वर्गात यायच्या आधी मला विचारायला आले, "मी तुमच्या वर्गात बसलो तर काय पाहू? तुम्हाला काय कळायला हवं आहे?" असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मला उत्तर सुचेना. दोन दिवसांनी म्हटलं, मी बोलत असते तेव्हा मागची मुलं काय करतात ते सांगा, मला ते दिसत नाही. ते आले, कोपऱ्यात खाली बसले, एका कागदावर नुसत्या खुणा केल्या. तास झाल्यावर कागद माझ्या हातात दिला आणि गेले. मी ज्यांना प्रश्न विचारले त्यात पाचच मुलं पुन्हा पुन्हा येत होती. पाचही मराठी समजणारी, त्यातली दोन तर अंगणवाडी सेविकेच्या घरातली. बाकीच्या मुलांना मी त्या तासात एकदाही विचारलं नव्हतं. सर काहीही बोलले नाहीत. कागदाची घडी अजून माझ्याकडे आहे.

मग त्यांनी स्वयंपाकाच्या ताईंना विनंती केली की जेवणानंतर अर्धा तास मॅडमजवळ बसा आणि शब्द सांगा. मी वहीत लिहून घ्यायची. पाणी, घर, शेण, भात, भूक, दुखतं, घरी जायचं आहे. हे शेवटचे तीन आधी शिका, असं ताईंनीच सुचवलं. ताईंना त्या दिवसापासून मुलं आणि आम्ही सगळे वेगळ्या मानाने पाहू लागलो. तुमच्या भागात कोलाम आदिवासींच्या वस्त्या आहेत, मॅडम. तुमच्या १ लीत कोलामी बोलणारी मुलं असतील तर हा मार्ग तुमच्याही उपयोगाचा आहे.

वरच्या गुरुजींच्या बैठकीबद्दल एक अडचण सांगते. आमची सध्याची शाळा द्विशिक्षकी आहे. दोघांत बैठक ती काय होणार? म्हणून आम्ही शेजारच्या गावच्या दोघांना जोडून घेतलं आहे. महिन्यातून दोनदा, एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे. पावसाळ्यात नाला भरला की खंड पडतो, तेव्हा वह्यांचे फोटो पाठवतो. पण फोटोवर बोलणं होत नाही, नुसते अंगठे येतात. समोरासमोरच बसावं लागतं.

---

केंद्रशाळेतून

मी केंद्रप्रमुख आहे, आसपासच्या शाळांचं काम पाहतो. चर्चा वाचली, समाधान वाटलं. गुरुजींच्या एका मुद्द्याला मात्र जोड देतो.

शिकण्याची वही वेगळी ठेवा असं ते म्हणतात, पण ती कोणी लिहायची ते राहिलं. लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी बदली होऊन आलेल्या माणसाला काहीच सापडत नाही. आपल्या शाळांत बदल्या होतच राहतात. मुख्याध्यापक गेले की त्यांच्याबरोबर सगळं जातं, हे मी माझ्या केंद्रात तीनदा पाहिलं आहे. म्हणून लिहायचंच, फक्त लिहायचं कोणी ते बदला. शिक्षकाने स्वतः लिहावं, तीन-चार ओळी: आज कोणती वही पाहिली, मूल काय म्हणालं, मी सोमवारी काय करून पाहणार. त्यावर मुख्याध्यापकाची सही नको, शेरा नको. मी शाळाभेटीला आलो तर मलाही ती वही मागण्याचा अधिकार नाही, शिक्षकाने आपणहून दाखवली तरच पाहायची, असं मी माझ्या केंद्रात सांगून ठेवलं आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे, आणि मुख्याध्यापकांनीही तेवढेच. हे ५० तास म्हणजे ५० तासांचे व्हिडिओ असं आपण धरून चाललो आहोत. गुरुजींची शनिवारची ४० मिनिटं वर्षभरात ३५ शनिवार जरी झाली तरी २३ तासांच्या वर भरतात. कागदावर ते कसे मोजले जातील हा वेगळा विषय. शिकण्याच्या दृष्टीने ते मला जास्त मोलाचे वाटतात.

आणखी एक. प्रशिक्षणाला पाठवताना "कोणाची पाळी" एवढंच पाहू नका. जमेल तेव्हा दोघांना एकत्र पाठवा, एकटा माणूस परत येऊन चारजणांत पुन्हा एकटाच पडतो. आणि जाण्याआधी दहा मिनिटं बसून त्याच्याबरोबर एक प्रश्न ठरवा. उदाहरणार्थ, ५२ उणे २७. तो प्रश्न खिशात घेऊन गेलेला शिक्षक सुलभकाला, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्याला, जे विचारतो ते इतर विचारत नाहीत. मी स्वतः सुलभक म्हणून उभा राहिलो आहे, असा एक जरी शिक्षक समोर असला तरी दिवस बदलतो. केंद्रातल्या शिक्षकांची जी शिक्षण परिषद भरते, तिच्यातही मी आता सूचनावाचन शेवटच्या अर्ध्या तासावर ढकललं आहे. आधी दीड तास ज्या शाळेत परिषद आहे तिथल्या मुलांच्या वह्या.

---

पऱ्हाटीकाठची_शाळा (दीड महिन्याने)

पोळा, तान्हा पोळा झाला, आज निवांत बसून लिहिते. सगळ्यांना सांगण्यासारखं आहे.

बुलढाण्याच्या सरांचं सगळ्यात आधी ऐकलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिघांचे मोबाइल माझ्या टेबलाच्या खणात, माहिती मी पाठवते. दोनदा उशीर झाला म्हणून फोन आला. ऐकून घेतलं.

मग मी ३ रीच्या मॅडमजवळ गेले आणि म्हटलं की ते लॉगबुकातलं वाक्य मी विचार न करता लिहिलं होतं, मला माफ करा. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ती ११ मुलांची यादी त्यांनीच काढून आणली. आम्ही एका मुलीला जवळ बसवलं. मी विचारलं, "कसं केलं वं हे?" ती म्हणाली, "दोनातून सात कसे जाईन? मंग सातातून दोन काढले. मोठ्यातून लहान काढाचा असते ना मॅडम." दुसऱ्या मुलानेही शब्द न बदलता तेच सांगितलं. मोठ्यातून लहान काढायचा. मॅडम म्हणाल्या, हे वाक्य मी कधीच वापरलं नाही. मग मुलांकडे ते आलं कुठून, ते आम्हा दोघींनाही कळेना.

पहिल्या तीन शनिवारी माझ्या ५ वीच्या वह्या ठेवल्या. व्हरांड्यातलं वाचनही सुरू झालं, पहिल्या दिवशी खरोखर कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. तेवढ्या वेळात मॅडम १ लीत जाऊन बसू लागल्या. १ ली ज्येष्ठ गुरुजींकडे आहे. २९ वर्षांची सेवा, गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. त्यांच्या वर्गात जाऊन बसायचं म्हणजे मॅडमना संकोच, आणि गुरुजींना ते फारसं आवडलंही नव्हतं.

चौथ्या शनिवारी मॅडमनी त्या मुलीची वही मध्ये ठेवली आणि तिचं बोलणं वाचून दाखवलं. २ रीच्या सरांनी अंदाज बांधला, मी बांधला. १ लीत बसून काय ऐकलं ते मॅडम बोलल्या नाहीत. गुरुजींसमोर बोलायला जीभ रेटली नाही असं त्यांनी मला नंतर सांगितलं. गुरुजींनी वही हातात घेतली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "हे वाक्य तं माह्यं आहे."

७ उणे ३ शिकवताना पोरं उलटं लिहितात म्हणून ते १ लीत वर्षानुवर्षं तेच सांगत आले होते, मोठ्यातून लहान काढायचा. १ लीत ते चालतं. तिथे प्रत्येक वेळी वरचा अंक मोठाच असतो. ३ रीत वर २ आणि खाली ७ आले की मुलांनी गुरुजींचं ऐकलं. ती मुलं निष्काळजी नव्हती. त्यांनी शिकवलेलं नीट लक्षात ठेवलं होतं.

आम्ही बराच वेळ कोणी काही बोललो नाही. गुरुजीच म्हणाले, "मॅडम, सोमवारी तुमच्या वर्गात मी येऊ काय? तुराट्या घेऊन येतो." सोमवारी ते आपल्या वावरातून वाळलेल्या तुराट्या तोडून घेऊन आले. दहा-दहाच्या पेंढ्या बांधल्या, पाच पेंढ्या आणि दोन सुट्या काड्या मुलांसमोर ठेवल्या आणि म्हणाले, यातून सत्तावीस मला द्या. मुलं दोन पेंढ्या देऊन थांबली. सात सुट्या काड्या नव्हत्या. कोणीतरी म्हणालं, "पेंढी सोडा लागन." गुरुजींनी काहीच न बोलता पेंढी त्याच्या हातात दिली. त्याने दोरा सोडला, बारा काड्या झाल्या. त्या दिवशी फळ्यावर गुरुजींनी काही लिहिलं नाही. मॅडम मागे बसून लिहीत होत्या.

केंद्रप्रमुख साहेब, तुम्ही म्हणता तशी वही आम्ही ठेवली आहे. गुरुजींनी तिच्यात पहिल्यांदा लिहिलं ते असं: १ लीला आता "दिलेल्यातून काढायचा" म्हणतो, पाहू.

पोळ्याच्या आदल्या शनिवारी ३ रीला तशाच पाच वजाबाक्या दिल्या, त्यात ६३ उणे ४८ ही होती. ११ पैकी ७ जणांचं बरोबर आलं.

---

खारपाणपट्टा

ताई, तुमच्या गुरुजींना माझा नमस्कार सांगा. उरलेल्या चौघांना "कसं केलंस?" विचारलं का?

---

पऱ्हाटीकाठची_शाळा

दोघांना विचारलं, त्यांना पेंढी सोडता येते पण ती कागदावर कशी लिहायची ते जमत नाही. या शनिवारी त्यांच्याच वह्या आहेत. उरलेले दोघं भाऊ आहेत, पोळ्यापासून शाळेत आलेले नाहीत. उद्या परिपाठ झाला की २ रीच्या सरांवर वर्ग सोपवून मी आणि मॅडम त्यांच्या घरी जाऊन येतो.